गाळलेली तीन वाक्यं

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्राध्यापकाचं एक पान असतं. वर फोटो, मग पदव्या आणि खाली ‘अध्यापनाचे विषय आणि आवड’ या मथळ्याखाली चार-पाच ओळी. बाळंतपणाची रजा संपवून ती साहित्य विभागात रुजू झाली, त्याच दिवशी विभागप्रमुखांनी तिला खोलीत बोलावून तिचं पान उघडून दाखवलं. चार विषयांपैकी तीन रजेच्या काळात दुसऱ्यांना वाटून झाले होते. चौथा मुलं मिळेनात म्हणून दोन वर्षांपासून बंद होता.

विभागप्रमुखांना वाक्य पुरं करायची सवय नव्हती. उरलेलं समोरच्याने समजून घ्यायचं.

“तुम्ही आलात ते बरंच झालं,” ते म्हणाले. “पण तासिका बघता... म्हणजे एखादा नवीन विषय काढलात आणि पंधरा मुलं जरी आली... नाहीतर मग पुढच्या वर्षी...”

“नाहीतर पुढच्या वर्षी मला तासांवर घेणार?”

“छे छे! असं कोण म्हणतंय?” ते म्हणाले, आणि तेच म्हणताहेत हे तिला कळलं.

विषय तिच्या डोक्यात होता. विद्यार्थिनी असल्यापासून होता. छापण्यासाठी न लिहिलेलं लेखन. घरातल्या वह्या, फ्रिजवर डकवलेल्या चिठ्ठ्या, न पाठवलेली पत्रं, औषधांच्या पाकिटांमागे खरडलेल्या ओळी. असं काही वाचताना तिला जो आनंद व्हायचा, तो जाडजूड कादंबऱ्यांनी कधी दिला नव्हता. तिने विषयाला ‘घरातलं निनावी लेखन’ असं नाव दिलं आणि ओळ पानावर चढवली.

विद्यापीठात पहिले दोन आठवडे मुलं वर्ग चाखून बघतात. आवडला तर नाव पक्कं करतात, नाही तर पुढच्या दारात. तेव्हा सगळी मदार पहिल्या तासांवर. तिची शिकवायची पद्धत ठरलेली होती: वर्गात एकेक कागद वाटायचा. त्यावर ना नाव, ना तारीख, ना गाव. मुलांनी वाचून सांगायचं की लिहिणारं माणूस कोण, वय काय, कुणासाठी लिहितंय, खरं बोलतंय का बनवतंय. पुरावा फक्त कागदावरचा. या खेळात मुलं रंगतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. अडचण एकच, जुने कागद सगळे वापरून झाले होते. मुलं मोबाइलवर दोन शब्द टाकायची आणि उत्तर हजर. तिला असा कागद हवा होता जो कुठेच नाही.

आणि तो तिच्या घरात होता.

*

सासूबाई मोठ्या इस्पितळात नर्स होत्या. पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाल्या आणि एकट्या आपल्या घरी सुखाने राहत होत्या. नात झाली, सुनेची रजा संपत आली, तेव्हा मुलाने फोन केला आणि त्या एक बॅग घेऊन आल्या. नवं सत्र सुरू झालं तेव्हा त्याला सहा महिने झाले होते. मुलीचं नाव काहीही असो, घरात सगळे तिला ठमी म्हणत, कारण ती होतीच तशी, गोल आणि ठाम.

पहिल्याच दिवशी सासूबाईंनी दुकानातून शंभर पानी वही आणली. “तू दिवसभर बाहेर. मी तोंडी सांगेन ते विसरेन. आमच्याकडे ड्यूटी बदलताना लिहूनच चार्ज देतात,” त्या म्हणाल्या. वहीत रोजचं पान. किती वाजता दूध, किती, त्यातलं ओकून किती काढलं, झोप, शी, शू, ताप नाही, हसली. अक्षर सरळ, बारीक, नर्सचं.

सून जात्याच काळजीखोर. नोकरीवर असताना तासातासाला तिचा जीव टांगणीला. संध्याकाळी दारातून आत आली की हात धुवायचे, ठमीला उचलायचं आणि वही उघडायची. दोन ते चारमध्ये झोप लिहिली असेल तर तीन वीसला एकदा उठली होती का, हेसुद्धा विचारायचं. सासूबाई शांतपणे उत्तर द्यायच्या. वॉर्डात रोग्यांच्या नातेवाइकांना द्यायच्या तसं.

एका शनिवारी सासूबाई ठमीला बाबागाडीत घालून बागेत गेल्या होत्या. वही स्वयंपाकघरातल्या टेबलावर होती. सून कालची झोप बघायला म्हणून गेली आणि वही हातातून निसटून उलटी पडली. मागची पानं उघडली. वही उलटी धरून, शेवटच्या पानापासून सासूबाई दुसरंच काही लिहीत होत्या.

तिथेच वही मिटायला हवी होती. हे तिला कळत नव्हतं असं नाही. शिकलेली होती, परक्याचं पत्र वाचू नये एवढं लहान पोरालाही कळतं. पण मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तशी ती उभ्याउभ्याच वाचत गेली. एक पान तर तिने दोनदा वाचलं:

“या घरात मला काम आहे, जागा नाही. काम संपलं की कुठे बसावं कळत नाही. सोफ्यावर बसले की पाहुणी वाटते, स्वयंपाकघरात बसले की कामवाली. नात झोपली की तिच्या पाळण्याशी बसते, तेवढी जागा माझी. सून आली की हात धुते, पोर उचलते आणि विचारते, किती वाजता प्यायली. मी कशी आहे ते विचारत नाही. वॉर्डातही नर्सला कुणी विचारत नाही. मग ती बाथरूममध्ये जाते आणि नळ सोडून रडते. मला ऐकू येतं. मी भांडी जोरात घासते, म्हणजे तिला वाटावं की मला काही ऐकू गेलं नाही. मग आम्ही दोघी हसून बोलतो, जसं काही झालंच नाही. रोज एकदा मी पर्समध्ये हात घालते आणि माझ्या घराची किल्ली आहे ना ते बघते.”

तिचे कान तापले. लाज वाटली, रागही आला. आणि या दोन्हींच्या खालून, कबूल करायला नको वाटेल असं, तिसरंच काही वर आलं: काय लिहिलंय बाईंनी! ‘काम आहे, जागा नाही.’ वर्ग उसळेल यावर.

बाबागाडीची चाकं जिन्याशी वाजायच्या आत तिने मोबाइलवर फोटो काढला होता.

सोमवारी विभागात बसून तिने पान टाइप केलं. नळाच्या वाक्यापाशी आली आणि थांबली. ते वाक्य, त्याच्या पुढचं आणि त्याच्याही पुढचं, अशी तीन वाक्यं तिने काढून टाकली. स्वतःला सांगितलं की त्यांच्याविना उतारा घट्ट होतो. शिकवण्यासाठी सगळेच थोडंफार कापतात. कापलेल्या जागी तीन टिंबं द्यायची रीत तिला माहीत होती, पहिल्या वर्षाच्या मुलांना ती हीच रीत घोकून घोकून शिकवायची. पण टिंबं दिली तर मुलं विचारतील, इथे काय होतं. म्हणून टिंबंही नाहीत.

*

गुरुवारी तास होता. सतरा मुलं आली होती. ठमीला दात येत होते आणि सकाळपासून हिरड्या शिवशिवत होत्या. बाटली तोंडाला लावली की ती मान फिरवायची. सासूबाईंनी दहा वाजता फोन केला, “काहीच घेत नाहीये गं. घाबरू नकोस, ताप नाही. पण उपाशी किती ठेवू? रिक्षा करून तिकडेच घेऊन येऊ का? तास झाला की पाज.”

“या आई, या,” ती म्हणाली. तिला फक्त ठमी दिसत होती, उपाशी, रडून लाल झालेली. आज वर्गात कोणता कागद आहे, हे त्या क्षणी तिच्या डोक्यातच आलं नाही.

विभागाचे कारकून, त्यांना सगळे मामा म्हणत, मोठे अगत्यशील. कॉरिडॉरमध्ये रंगकाम चालू, वासाने पोराला त्रास होईल म्हणून त्यांनी आजी-नातीला वर्गाच्या मागच्या दाराने हळूच आत नेलं आणि शेवटच्या बाकावर बसवलं. सून फळ्याकडे तोंड करून लिहीत होती. वळली तेव्हा मागे कुणी बसलंय हे दिसलं नाही, पुढे उंच मुलं होती. ठमी, लबाड, आजीच्या खांद्यावर मान टाकून गप्प होती.

“चला,” ती म्हणाली. “कोण आहे ही बाई?”

“रिटायर्ड नर्स,” पहिल्या बाकावरची चष्मेवाली मुलगी म्हणाली. तिला वर्गात दुर्बीण म्हणत, कारण तिला सगळं दिसायचं. “आणि सासू. खडूस.”

“पुरावा?”

“मॅडम, प्रत्येक वाक्यात कुरकुर आहे. सोफ्यावर बसली की असं, स्वयंपाकघरात बसली की तसं. अहो मग उभी राहा ना!”

वर्ग हसला. तीही हसली. ते हसू पुढे किती दिवस तिच्या कानात बसलं ते तिचं तिलाच माहीत.

“आणि ढोंगी आहे,” खिडकीजवळचा एक दाढीवाला म्हणाला. “सून विचारत नाही म्हणून मनात इतकं विष, आणि लगेच पुढे ‘आम्ही दोघी हसून बोलतो.’ म्हणजे तोंडावर गोड, वहीत कडू.”

“छान. पुढे?”

“सुनेची बाजूच नाही. सुनेला नुसती हात धुणारी आणि पोर उचलणारी करून टाकलंय. ही बाई सुनेकडे बघतच नाही. स्वतःकडेच बघत बसते.”

“अगदी बरोबर,” ती म्हणाली. “लिहिणारी काय बघत नाही, हे बघायचं.” असं म्हणत ती दोन बाकांमधून मागे चालत गेली, आणि तिला आधी बाबागाडीची दांडी दिसली.

सासूबाई शेवटच्या बाकावर ताठ बसल्या होत्या. ठमी एका हातावर, आणि दुसऱ्या हातात कागद. शेजारच्या मुलाने उरलेला एक त्यांनाही दिला होता, कुणी पाहुणं आलं की देतात तसा. चष्मा नाकावर होता. त्या वाचत होत्या. वाचून झालं होतं, पण नजर कागदावरून हलत नव्हती. एका जागी बोट होतं. ते बोट वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर जायचं आणि परत वर यायचं. जिना चढताना एखादी पायरी नसावी आणि पाय चाचपडावा, तसं.

धरणीने पोटात घ्यावं म्हणतात, ते नुसतं म्हणण्यापुरतं नसतं. तिने खरोखर फरशीकडे बघितलं.

“आजी, तुम्ही सांगा ना!” दुर्बीण उत्साहाने मागे वळून म्हणाली. “तुम्हाला काय वाटतं या बाईबद्दल? तुम्ही आमच्यापेक्षा जास्त सासवा बघितल्या असतील!”

परत सगळे हसले. सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, घडी करून पर्समध्ये टाकला.

“चष्म्याविना मला दिसत नाही गं बाई,” त्या म्हणाल्या. “चालू द्या तुमचं.”

*

तास कसा संपला तिला सांगता आलं नसतं. रिकाम्या खोलीत ती ठमीला घेऊन बसली. दूध उतरेना. सासूबाई खिडकीपाशी उभ्या राहून बाहेर चाललेलं रंगकाम बघत होत्या.

“आई...”

“आधी तिला पिऊ दे. तू अशी आखडून बसलीस तर येणार कसं? खांदे सोड.”

तेवढंच. रिक्षा मामांनी आणली. सासूबाईंनी मामांना धन्यवाद म्हटलं, ठमीचं टोपडं नीट केलं आणि निघून गेल्या.

त्या संध्याकाळी वहीत लिहिलं होतं: बारा दहा, अंगावर, वीस मिनिटं. दोन ते साडेतीन झोप. शी एक. ताप नाही. ‘हसली’ नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. तिने चोरून, होय, पुन्हा चोरूनच, वही उलटी केली. मागची पानं ब्लेडने कापून काढलेली होती. कड अगदी सरळ. टाके काढणाऱ्या हाताची.

सासूबाई बोलत होत्या, हसत होत्या, चहा पुढे करत होत्या. फक्त आता ‘अगं’ गेलं होतं. ‘चहा ठेवलाय.’ ‘ठमी झोपलीये.’ वाक्य कुणालाही उद्देशून चालेल असं. रविवारी जेवताना त्या मुलाला म्हणाल्या, “मी पंधरा तारखेला माझ्या घरी जाते. पाळणाघर बघून ठेवा. चांगली असतात हल्ली.”

“अगं पण का? काय झालं?” मुलाने विचारलं.

“काही नाही. घर बंद आहे कधीचं. नळ-बिळ बघायला हवेत.”

त्याने बायकोकडे बघितलं. बायको ठमीला उकडलेला बटाटा कुस्करून भरवत होती, आणि तो इतका बारीक कुस्करत होती की त्याचं पाणी व्हायची वेळ आली होती.

इकडे विद्यापीठात संकट टळलं होतं. सतराच्या सतरा मुलांनी नाव पक्कं केलं, वर आणखी चार आली. विभागप्रमुखांनी पहिल्यांदा तिच्यासाठी स्वतः खुर्ची ओढली.

“तो सासूचा उतारा! मुलं कॅन्टीनमध्येसुद्धा... मी म्हणतो, तुमच्या पानावर, ‘अध्यापनाचे विषय’च्या खाली, नमुना म्हणून तोच जर... सोमवारपर्यंत पाठवलात तर...”

“पाठवते,” ती म्हणाली. कानांवर तिचाच आवाज आला आणि तिला वाटलं, ही कोण? कागदावरची असती तर मुलांनी एका मिनिटात ओळखली असती.

*

शनिवारी दुपारी नवरा कामावर होता. ठमी झोपली होती. सासूबाई पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. ती समोर जाऊन बसली, एक झबलं उचललं, घडी घातली, मोडली, परत घातली.

“आई, मी तुमची वही वाचली. मागची पानं. फोटो काढला आणि वर्गात दिला. तुम्हाला न विचारता.”

“माहीत आहे. मी होते तिथे.”

“मी चोरी केली.”

“केलीस.” सासूबाईंनी लंगोटाची चौकोनी घडी घातली, हाताने दाबली. “बोल पुढे.”

पुढे काय बोलायचं तिने ठरवलंच नव्हतं. माफी मागितली की समोरचा ‘जाऊ दे’ म्हणतो, एवढंच तिला वाटलं होतं. “माफ करा,” ती म्हणाली. “माझी नोकरी... म्हणजे ते कारण नाही. पण तुम्ही इतकं सुंदर लिहिलं होतं...”

“सुंदर?” सासूबाईंचा हात थांबला. “ती चष्मेवाली पोर म्हणाली खडूस. तो दाढीवाला म्हणाला ढोंगी. आणि तू म्हणालीस, अगदी बरोबर.”

तिने झबल्याची घडी पुन्हा मोडली.

“वाचलंस त्याचं मला वाईट वाटलं. पण एवढं नाही गं,” सासूबाई म्हणाल्या. आठ दिवसांनी ‘गं’ आला आणि तिचे डोळे भरून आले. “वही घरात उघडी टाकली, माझीही चूक. पण मी तिथे बसून शोधत होते. म्हटलं पान उलटलं का? मागे छापलंय का? माझी तीन वाक्यं कुठे गेली?”

“मी काढली.”

“का?”

“उतारा...” ती म्हणाली. घट्ट होतो म्हणून, असं म्हणायला तोंड उघडलं होतं.

“वॉर्डात केसपेपरवर चूक झाली ना, तर खोडायला एकच रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. वर सही करायची. कारण उद्या दुसऱ्याने वाचताना त्याला कळलं पाहिजे की इथे काय होतं आणि कुणी खोडलं. मी एकदा एका शिकाऊ मुलीला कानाखाली मारायची राहिले होते, पांढरी शाई लावली म्हणून. तू तर पांढरी शाईसुद्धा दिसू दिली नाहीस.” सासूबाईंचा आवाज चढला नव्हता, पण हातातला टॉवेल पिळल्यासारखा झाला होता. “मी तुझ्याबद्दल चांगलं एवढंच लिहिलं होतं त्या पानावर. चांगलं म्हणजे काय, जे दिसलं ते. नेमकं तेच काढलंस. आता उरलं काय? एक किरकिरी म्हातारी. मी तशी आहे का?”

“नाही, आई.”

“मग का काढलंस?”

पलीकडच्या खोलीत ठमीने झोपेत हुंकार दिला. दोघींनी एकदमच मान वळवली, कान दिले. आवाज परत आला नाही.

“माझी लाज वाटली,” ती शेवटी म्हणाली. “तुमचं उघडं पडलं तर मला चाललं. माझं नको होतं. मुलांना कळायला नको होतं की मी... मी नळ सोडून...” तिने झबलं बाजूला ठेवलं. “मला वाटायचं, तुम्हाला ऐकू जात नाही.”

“तशी व्यवस्थाच केली होती मी. दोन कप फुटले त्यात.”

हसावं की रडावं ते तिला कळेना. सासूबाईही हसल्या नाहीत. त्यांनी घड्यांचा गठ्ठा उचलून कपाटात ठेवला आणि कपाटाचं दार धरून पाठमोऱ्याच म्हणाल्या,

“त्या पोरांना पुरं पान दे. मला किरकिरी म्हणायचं तर खुशाल म्हणू दे, पण पुरं वाचून म्हणू दे. माझं नाव नको सांगूस.”

“नाही सांगणार.”

“तुझं सांगितलंस तरी चालेल.”

*

सोमवारी तिने आधी विभागप्रमुखांना सांगितलं की तो उतारा पानावर जाणार नाही, तो तिचा नव्हता आणि तिने न विचारता घेतला होता. विभागप्रमुखांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. “म्हणजे आता समितीने जर...” ते म्हणाले. या वेळी उरलेलं तिने समजून घेतलं नाही. “समितीने विचारलं तर मी हेच सांगेन,” ती म्हणाली.

मग गुरुवारी एकवीस कागद घेऊन ती वर्गात गेली. वाटप झाल्यावर टेबलाला पाठ टेकवून उभी राहिली.

“मागच्या वेळी तुम्ही वाचलंत ते अपुरं होतं. मी मधली तीन वाक्यं काढली होती आणि काढली आहेत हे दिसू दिलं नव्हतं. तुम्ही असं केलंत तर मी तुम्हाला नापास करते. आता पुरं वाचा.”

कागदांची सळसळ झाली आणि थांबली. दुर्बीण सगळ्यांत आधी वाचून उठली. तिचा चेहरा एकेक इंच उतरत गेला.

“मॅडम, हे असेल तर ती ढोंगी नाही. ती... मग ते हसून बोलणं वेगळंच होतं.”

“हो.”

“मग तुम्ही हे का काढलंत? हेच तर...” तिने कागद वर केला. “हेच तर सगळं आहे.”

तिने वर्गाकडे बघितलं. डोळ्यांच्या एकवीस जोड्या. मागचा बाक रिकामा होता. त्यावर आज कुणी बसलं नव्हतं, आणि का कोण जाणे, मुलंही तो सोडून बसली होती.

“कारण यातली सून मी आहे,” ती म्हणाली.

मग दुर्बिणीने हळूच मागे वळून त्या बाकाकडे बघितलं, परत पुढे बघितलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. “अरे देवा,” ती बोटांमधून म्हणाली. “मी त्यांच्यासमोरच...”

“मी दिलं ते तू वाचलंस. चूक तुझी नाही.”

“आजींना सांगाल का...”

“नको. लिहिणारीने आपलं नाव सांगू नको म्हटलंय. मी सांगितलेलं नाही.”

दाढीवाल्याने हात वर केला. मागच्या वेळचा तोरा नव्हता, पण प्रश्न विचारायची सवय सुटत नाही तशी सुटली नव्हती. “मॅडम, पुराव्यानेच विचारतो. आजींना ऐकू येतं म्हणून त्या भांडी घासतात. तुम्हाला भांड्यांचा आवाज यायचा ना? मग तुम्ही बाहेर येऊन कधी विचारलं का नाही, रोज त्याच वेळी भांडी का?”

ती म्हणाली, “ठाऊक नाही,” आणि हे खोटं आहे हे तिला म्हणतानाच कळलं.

*

संध्याकाळी ती दारातून आत आली. हात धुतले. ठमी रांगत येऊन पायाला चिकटली. तिने ठमीला उचललं आणि वही उघडायला हात पुढे केला, मग मागे घेतला. सासूबाई टेबलाशी बसून सफरचंद सोलत होत्या. खोलीच्या कोपऱ्यात त्यांची बॅग अर्धी भरलेली होती.

“कशा आहात, आई?” तिने विचारलं. स्वतःलाच ते इतकं बनावट वाटलं की मान खाली गेली.

“गुडघा दुखतोय,” सासूबाई म्हणाल्या. “पंधराला जातेय ते जातेच. तिकीट काढलंय. आठवडाभराने येईन की नाही ते तिथे गेल्यावर बघेन.” त्यांनी सालाची लांब पट्टी ताटलीत सोडली. “दिलंस पान?”

“दिलं.”

“काय म्हणाली पोरं?”

तिने सगळं सांगितलं. दुर्बिणीने तोंड झाकलं ते, बाक रिकामा सोडला ते. काही गाळलं नाही. दाढीवाल्याच्या प्रश्नापाशी आल्यावर तिचा आवाज बारीक झाला, पण तोही सांगितला.

“हुशार आहे मेला,” सासूबाई म्हणाल्या. “मग? काय उत्तर दिलंस?”

“ठाऊक नाही म्हटलं.”

“आणि ठाऊक होतं?”

ठमीने तिच्या गळ्यातली साखळी मुठीत धरून ओढली. तिने ती सोडवली नाही.

“होतं. भांडी कशाला वाजतात ते कळत होतं मला.”

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि पायाने समोरची खुर्ची थोडी बाहेर सरकवली.

“बस,” त्या म्हणाल्या. “मला सांग.”